तारांची चाके आणि रस्त्याकडेची माणसे

पुसेगावात बसून इटलीतील मोटारशर्यतीवरच्या चित्रपटाची चिकित्सा करावी, हे वाचकांना काहीसे विपरीत वाटेल. आमच्या हिंगोली जिल्ह्यात शर्यत म्हटली की शंकरपट आठवतो, आणि वेगाची परीक्षा द्यावयाची ती बैलजोडीने. परंतु गेल्या उन्हाळ्यात एका सायंकाळी धर्मग्रामातील काही तरुण मुले माझ्याकडे जमली असताना आम्ही मायकेल मान यांचा ‘फेरारी’ हा २०२३ सालचा चित्रपट पाहिला. त्या मुलांपैकी एकजण गॅरेजमध्ये काम शिकतो. पडद्यावर लाल मोटारी धूळ उडवीत निघाल्या, तसा तो पुढे सरकून म्हणाला, “फादर, या गाडीच्या चाकाला सायकलवाणी तारा हायेत. अशी गाडी खरंच पळत व्हती, का नुसती सिनेमापुरती केली?”

“नंतर सांगतो,” असे म्हणून मी त्या वेळी वेळ मारून नेली. प्रश्न साधा होता; पण त्याच्या मागे समीक्षेतील एक जुना वाद उभा आहे, हे माझ्या ध्यानी आले. गतकाळावर चित्रपट काढणाऱ्याने वस्तूंच्या बाबतीत किती काटेकोर असावे? आणि तो तसा असला, तर तेवढ्याने त्याचा चित्रपट सत्य सांगतो असे म्हणता येईल काय? पुढील विवेचन म्हणजे त्या मुलाला द्यावयाच्या उत्तराची तयारी होय.

प्रत्येक प्रेक्षक आपापल्या व्यवसायाची नजर घेऊन चित्रपटाला बसतो. शिंप्याला अंगरख्याची शिवण दिसते, धर्मगुरूला वेदीवरची मांडणी दिसते, शेतकऱ्याला जू आणि कासरा दिसतो. विल्यम वायलर यांचा ‘बेन-हर’ हा १९५९ सालचा चित्रपट आपल्यापैकी अनेक कुटुंबांनी कधी ना कधी पाहिला असेल. त्यातील रथशर्यतीसाठी रोमजवळच्या चिनेचित्ता येथे जे रथ मुद्दाम घडविण्यात आले, त्यांचे वजन प्रत्येकी सुमारे ४०० किलो होते. प्रत्यक्षातील रोमन शर्यतीचा रथ मात्र अत्यंत हलका असे. विजयोत्सवाच्या मिरवणुकीतील सजविलेला रथ निराळा आणि धावेचा रथ निराळा. शंकरपट पाहिलेल्या आमच्या शेतकऱ्याला हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. ओझ्याची बैलगाडी पटावर कोणी जुंपत नाही, तेथे हलका छकडाच लागतो. मेस्सालाच्या रथाच्या चाकांना लावलेली दातेरी पाती हीदेखील कथेची निर्मिती. रोमच्या शर्यतींत अशी पाती वापरीत असल्याचा पुरावा नाही. असे असूनही ती शर्यत पाहताना आपला श्वास रोखला जातो, कारण घोडे खरे आहेत, धूळ खरी आहे आणि दोन मित्रांमधील वैर खरे वाटते. म्हणजे वस्तूतील चूक प्रत्येक वेळी चित्रपटाला मारक ठरतेच असे नाही. ती कोणत्या हेतूने झाली, हे पाहावे लागते.

आता ‘फेरारी’कडे वळू. चित्रपटाचा काळ १९५७ सालचा. एन्झो फेरारी यांचा ज्येष्ठ पुत्र दिनो ३० जून १९५६ रोजी आजारपणात वारला आहे. पत्नी लाउरा आणि एन्झो यांच्यामध्ये त्या मृत्यूची भिंत उभी आहे. दुसऱ्या स्त्रीपासून झालेला पिएरो नावाचा मुलगा आहे, त्याला बापाचे नाव मिळालेले नाही. कारखाना कर्जात आहे, आणि तो वाचवायचा तर ‘मिल्ले मिल्या’ ही शर्यत जिंकली पाहिजे. ब्रेशाहून निघून रोमपर्यंत जाणे आणि पुन्हा ब्रेशाला परतणे, असा हा सुमारे १,६०० किलोमीटरचा मार्ग होता. १९२७ साली सुरू झालेल्या या शर्यतीसाठी बंदिस्त मैदान नव्हते. गावांमधून, बाजारपेठांमधून आणि शेतांच्या कडेने जाणारे नित्याचे रस्ते हीच धावपट्टी होती.

मोटारींच्या बाबतीत मान यांनी घेतलेले कष्ट वाखाणण्याजोगे आहेत. मूळ मोटारी आज कोणी चित्रीकरणात आदळू देणार नाही. १९५७ च्या त्याच शर्यतीत धावलेली एक फेरारी २०१६ साली पॅरिसच्या लिलावात सुमारे ३ कोटी २१ लाख युरोंना विकली गेली, एवढे सांगितले म्हणजे पुरे. तेव्हा जुन्या मोटारींची यंत्राने मोजमापे घेऊन त्यांच्या प्रतिकृती बनविण्यात आल्या. आवाज मात्र खऱ्या जुन्या मोटारींचे ध्वनिमुद्रित करून घातले. चाकांच्या तारा अगदी योग्य आहेत. त्या काळच्या फेरारींना तारांचीच चाके असत. ती हलकी असत, आणि मधला एक नट ठोकून सैल केला की झटपट बदलता येत. चालकाला पट्टा बांधलेला दिसत नाही, तोही दिग्दर्शकाचा विसर नाही. मोटार पेटल्यास आत अडकून जळण्यापेक्षा बाहेर फेकले जाणे बरे, असा त्या काळच्या अनेक चालकांचा समज होता.

याहून सूक्ष्म एक तपशील मला फार आवडला. दे पोर्तागो या चालकाच्या मोटारीवर ५३१ असा आकडा रंगविलेला आहे. तो ओळीने दिलेला क्रमांक नाही. त्या शर्यतीत मोटारीचा क्रमांक म्हणजे तिची सुटण्याची वेळ असे. पहाटे ५ वाजून ३१ मिनिटांनी ती मोटार ब्रेशाहून सुटली, म्हणून ५३१. विजेता पिएरो तारुफी ५३५, म्हणजे चार मिनिटांनी मागून निघालेला. चित्रपट हे समजावून सांगत बसत नाही. पण ज्याला ठाऊक आहे, त्याला तो आकडा घड्याळासारखा वाचता येतो. अभ्यास करून मुकाट राहणे हा कलावंताचा मोठा गुण होय.

या निष्ठेला परंपरा आहे, आणि त्या परंपरेतील त्रुटीही बोलक्या आहेत. जॉन फ्रँकनहायमर यांच्या ‘ग्रां प्री’ या १९६६ सालच्या चित्रपटात नटांना खऱ्या फॉर्म्युला वन मोटारी हाकणे शक्य नव्हते. म्हणून लहान वर्गाच्या शर्यतमोटारींना वरून मोठ्यांचे रूप दिले. ही अडचणीपोटी केलेली तडजोड होती, आणि तीबद्दल कोणी समंजस प्रेक्षक रुसणार नाही. परंतु त्याच चित्रपटाची अखेरची शर्यत मोन्झा येथील उंच उतरत्या वळणांवर घडते. ही वळणे फॉर्म्युला वनने १९६१ नंतर वापरलेली नव्हती. त्या वर्षी मोन्झा येथे फॉन ट्रिप्स हा चालक आणि १५ प्रेक्षक मृत्युमुखी पडले होते. केवळ भव्य दिसतात म्हणून ती वळणे चित्रपटात परत आली. येथे तडजोड शोभेपोटी आहे.

स्टीव्ह मॅक्वीन यांचा ‘ल माँ’ हा १९७१ सालचा चित्रपट दुसऱ्या टोकाला जातो. १९७० च्या प्रत्यक्ष शर्यतीत कॅमेरे बसविलेली एक पोर्शे मोटार उतरविण्यात आली आणि खऱ्या धावेतून चित्रण मिळविले गेले. अपघाताच्या दृश्यांत मात्र निकामी झालेल्या लोला मोटारींवर पोर्शे आणि फेरारीची कवचे चढवून त्याच मोडल्या. सुरुवातीचा सुमारे अर्धा तास या चित्रपटात संभाषण जवळजवळ नाहीच. मोटारी इतक्या अस्सल असलेला चित्रपट क्वचितच सापडेल. पण त्या अस्सलपणाची किंमत डेव्हिड पायपर या चालकाने चुकविली. चित्रीकरणातील अपघातानंतर त्याचा एक पाय गुडघ्याखाली कापावा लागला. पडद्यावरील खरेपणासाठी पडद्यामागच्या माणसाकडून किती मागावे, हा प्रश्न तेव्हापासून या प्रकारच्या चित्रपटांची पाठ सोडीत नाही. या दृष्टीने मान यांच्या प्रतिकृतींकडे पाहिले, तर त्या मला उणेपणाच्या वाटत नाहीत. त्यांत एक प्रकारचा विवेक आहे. या दोन चित्रपटांमध्ये एक सुंदर धागाही आहे. ‘ग्रां प्री’च्या वेळी कॅमेऱ्याची मोटार हाकणाऱ्यांत माजी जगज्जेता फिल हिल होता, ‘फेरारी’त त्याचा मुलगा डेरेक हिल याने जाँ बेहरा या चालकाची भूमिका केली आहे. एका पिढीच्या हाताला जडलेले ज्ञान दुसऱ्या पिढीने पडद्यावर आणले.

जेम्स मॅन्गोल्ड यांचा ‘फोर्ड विरुद्ध फेरारी’ हा २०१९ सालचा चित्रपट आपल्या मुलांनी अधिक पाहिला आहे. १९६६ च्या ल माँ येथील २४ तासांच्या शर्यतीत फोर्डच्या मोटारी पहिल्या तिन्ही स्थानांवर आल्या, हे खरे. केन माइल्स याचे विजेतेपद शेवटच्या क्षणी हुकले, हेही खरे. मात्र चित्रपटात एन्झो फेरारी स्वतः तेथे हजर राहून माइल्सला टोपी काढून अभिवादन करतात, तसे काही घडले नाही. ते त्या वर्षी ल माँला गेलेच नव्हते. ही सोयीपोटी केलेली कल्पना. नाट्यासाठी ती मान्य करता येईल. मला अधिक खटकते ते दुसरेच. २४ तासांची शर्यत एकटा माणूस धावत नसतो. माइल्सच्या मोटारीचा निम्मा भार वाहणारा डेनी हल्म हा पुढच्याच वर्षी, १९६७ साली, जगज्जेता झाला. परंतु चित्रपटात तो जवळजवळ अदृश्य आहे. मोटारीचा प्रत्येक खिळा जागेवर असावा आणि तीच मोटार हाकणारा दुसरा माणूस मात्र दिसू नये! अडचणीपोटी झालेली चूक क्षम्य, शोभेपोटी झालेली सह्य. पण माणसाच्या विस्मरणापोटी झालेली चूक मी सर्वांत गंभीर मानतो.

आपल्याकडे काय आहे, असे कोणी विचारील. मुंबईच्या चित्रसृष्टीला मोटारीचे प्रेम जुने. ‘चलती का नाम गाडी’ या १९५८ सालच्या चित्रपटातील १९२८ ची शेव्हरोले ही तीन भावांइतकीच महत्त्वाची पात्र आहे, आणि ती खरीच जुनी मोटार होती. फिरोझ खान यांनी १९७२ साली ‘अपराध’साठी जर्मनीतील न्युर्बुर्गरिंगच्या शर्यतमार्गावर चित्रीकरण केले. त्याच मार्गावर १ ऑगस्ट १९७६ रोजी निकी लाउडा होरपळला, आणि त्या प्रसंगावर २०१३ साली ‘रश’ हा चित्रपट आला. परंतु जुन्या शर्यतमोटारींचा काटेकोर अभ्यास करून उभा केलेला चित्रपट आपल्याकडे परंपरा म्हणून रुजला नाही. आपल्या प्रेक्षकाला नजर नाही, असे मात्र समजू नये. वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली गोलसर पाठीची फियाट मुंबईकरांनी ‘डुक्कर फियाट’ म्हणून ओळखली. तिच्याच वंशातील मोटारीला ‘पद्मिनी’ हे नाव १९७४ साली मिळाले, आणि ऑक्टोबर २०२३ अखेर पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली. पन्नाशीच्या दशकातील कथेत कोणी पद्मिनी उभी केली, तर गिरगावातला म्हातारा लगेच हसेल. गंमत अशी की, ही डुक्कर फियाट मूळची इटलीचीच. तिच्या इटालियन बहिणी मिल्ले मिल्यात लहान मोटारींच्या वर्गात धावत असत. तेव्हा १९५७ ची इटली आपल्याला वाटते तितकी परकी नाही.

येथवर मोटारी झाल्या. आता रस्त्याच्या कडेला उभे राहू.

१२ मे १९५७ रोजी, शर्यत संपण्यास थोडेच अंतर उरले असताना, ग्विदित्सोलो या गावाजवळ सरळ रस्त्यावर ५३१ क्रमांकाच्या मोटारीचा टायर फुटला. आल्फोन्सो दे पोर्तागो आणि त्याचा सहचालक एडमंड नेल्सन हे दोघे ठार झाले. त्यांच्यासमवेत रस्त्याकडेचे ९ प्रेक्षक मारले गेले. त्यांपैकी ५ मुले होती. वेगाची शर्यत म्हणून मिल्ले मिल्या त्या वर्षीच संपली. एन्झो फेरारी यांच्यावर मनुष्यवधाचा खटला भरण्यात आला. १९६१ साली ते निर्दोष सुटले. १९५८ मध्ये लुईजी मुसो हा आणखी एक चालक फ्रान्समधील शर्यतीत मरण पावला, तेव्हा व्हॅटिकनच्या ‘लोसेर्वातोरे रोमानो’ या दैनिकाने फेरारी यांना स्वतःची मुले गिळणाऱ्या सॅटर्न या दैवताची उपमा दिली होती.

मान हा प्रसंग झाकून नेत नाहीत, हे त्यांच्या श्रेयाचे मानले पाहिजे. अपघातापूर्वी ते आपल्याला एका घरात नेतात. कुटुंब जेवायला बसले आहे, मोटारींचा आवाज येतो आणि मुले ताटावरून उठून रस्त्याकडे धावतात. हे मला फार ओळखीचे वाटले. शंकरपटाच्या वेळी आमच्याकडची मुले अशीच धावतात, आणि धावेच्या कडेला दोरीला रेलून उभी राहतात. त्यानंतरचा अपघात दिग्दर्शक थेट दाखवितो. काही प्रेक्षकांना तो असह्य होईल. माझ्या मते तो तसा असह्य असणेच योग्य आहे. दोन तास ज्या लाल यंत्राच्या सौंदर्यावर आपण लुब्ध झालो, ते काय करू शकते, हे त्या लुब्ध डोळ्यांनीच पाहावे लागते. मोटार खरी वाटली नसती, तर हा धक्का पोकळ ठरला असता. काटेकोरपणाचे खरे प्रयोजन मला येथे सापडते.

याच संदर्भात मोदेना येथील मिस्साचे दृश्य आठवावे. चर्चमध्ये कारखान्यातील कामगार बसले आहेत. येशू आज जन्मता तर सुताराऐवजी तुमच्यासारखा धातूचा कारागीर झाला असता, अशा अर्थाचे प्रवचन धर्मगुरू करीत आहेत. तेवढ्यात दूरच्या धावपट्टीवर प्रतिस्पर्ध्याची मोटार सुटते, आणि उपासनेला बसलेल्या पुरुषांच्या हातांत वेळ मोजणारी घड्याळे निघतात. मुले हसली; मीही हसलो. परंतु धर्मगुरू म्हणून मला त्या दृश्यात निंदा दिसली नाही. कामाची प्रतिष्ठा सांगणारे ते प्रवचन चुकीचे नाही. चूक इतकीच की, घड्याळाकडे कान लागले म्हणजे पुढचे वाक्य ऐकू येत नाही.

आणि चित्रपटाचेही शेवटी काहीसे तसेच होते. अपघातानंतर कथा पुन्हा एन्झो यांच्या कारखान्याकडे आणि संसाराकडे वळते. अखेरच्या दृश्यात ते लहान पिएरोला दिनोच्या थडग्याकडे घेऊन जातात. दृश्य हृद्य आहे, अभिनय संयत आहे. तरीही मी अस्वस्थ राहिलो. एका बापाच्या शोकाला चित्रपटाने थडगे, फुले आणि शांतता दिली. उरलेल्या पाच मुलांचे आईबाप पडद्याबाहेरच राहिले. त्यांच्या घरातले ताट दाखविले, त्या ताटापुढची रिकामी जागा दाखविली नाही. कारखानदाराचे चरित्र सांगताना सर्वांना पुरेसा अवकाश देता येत नाही, हा युक्तिवाद मला ठाऊक आहे. परंतु ज्याने मोटारीवरील ५३१ हा आकडा चुकू दिला नाही, त्याच्याकडून आणखी दोन मिनिटांची अपेक्षा करणे अवाजवी नव्हे. एवढा एक दोष वगळता ‘फेरारी’ हा प्रौढ प्रेक्षकांनी अवश्य पाहावा असा चित्रपट आहे. लहान मुलांना मात्र तो दाखवू नये.

हा आग्रह मी का धरतो, ते सांगितले पाहिजे. गेल्या पावसाळ्यात आमच्या भागात एक परगावचे वृद्ध गृहस्थ रस्त्याकडेला एसटीची वाट पाहत उभे होते. भरधाव मोटारसायकलची धडक बसून ते जागीच गेले. दुसऱ्या दिवशी मुलांमध्ये तीच चर्चा होती. मोटारसायकल कोणती, किती सीसीची, वळणावर ती किती वेगात होती, हे सारे त्यांना तोंडपाठ होते. गृहस्थांचे नाव मी विचारले, तेव्हा सगळे गप्प झाले. ही मुले दुष्ट नाहीत. त्यांनी पाहिलेल्या चित्रांमध्ये, जाहिरातींमध्ये आणि खेळांमध्ये कॅमेरा नेहमी मोटारीवर बसलेला असतो. कडेला उभा असलेला माणूस एका क्षणात मागे पडतो.

गॅरेजमधल्या मुलाला मी पुढच्या रविवारी मिस्सा झाल्यावर थांबवून घेतले. चाके खरी आहेत, हे सांगितले. तारांची चाके का असत, ते सांगितले. ५३१ चा अर्थ सांगितला, तेव्हा तो खूश झाला. मग ग्विदित्सोलोची हकीकत सांगितली. तेथे आजही रस्त्याकडेला त्यांचे स्मारक उभे आहे, हेही सांगितले. तो थोडा वेळ उभा राहिला आणि म्हणाला, “मंग फादर, त्या पोरांची नावं काय व्हती?”

मोटारीचा क्रमांक, टायर, सुटण्याची वेळ, लिलावाची किंमत हे सर्व मी जमविले होते. या एका प्रश्नाचे उत्तर मी शोधलेच नव्हते.